दारापाशी घेतलेलं माप

नलूताई गेल्याचं कळलं तेव्हा मी पुण्यात डोळ्यांच्या दवाखान्यात होते. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे फोनवर कुणाचं नाव आलंय तेही दिसेना. आवाजावरून ओळखलं, त्यांची भाची पल्लवी. "नीतामावशी, भोपाळहून बोलतेय... मावशी गेली. पहाटे, एकदम सोते-सोते." डोळे मिटून बसायला मला सांगितलंच होतं. तशीच बसून राहिले. या गोष्टीला दीड महिना झाला, पण त्या दिवसापासून एक वाक्य मनातून जात नाही. ते माझंच आहे.

नलूताई मूळच्या नागपूरच्या. भोपाळला आमच्या कारखान्याच्या वसाहतीत जे रुग्णालय होतं, तिथं त्या ऑपरेशन थिएटरच्या मुख्य सिस्टर. यजमान कारखान्यातच फिटर, मूलबाळ नाही. मी कारखान्याच्या सुरक्षा विभागात केमिस्ट म्हणून पुण्याहून आले, तेव्हा आमचे क्वार्टर्स समोरासमोर होते. पहिल्या आठवड्यात मला पोहे करता येत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला ताब्यात घेतलं ते घेतलंच. माझ्याकडे ऑफिसचं एक यंत्र असे, हवेतला वायू मोजणारं. पट्ट्यानं खांद्याला अडकवायचं. बारीक नळीतून ते हवा ओढून घेई आणि काट्यानं आकडा दाखवी. रंगकाम, भट्टी, जिथं तक्रार असेल तिथं मी ते घेऊन जायची.

एके दिवशी संध्याकाळी नलूताई दारातूनच म्हणाल्या, "काऊन वं नीता, तुझी थे पेटी आमच्या थेटरात चालते का?" मग आत येऊन बसल्या आणि सांगू लागल्या. दुपारपर्यंत डोकं जड होतं, शेवटच्या ऑपरेशनला तर उभ्या-उभ्या झोप येते, बाकीच्या सिस्टरांचंही तेच. पेशंटला भूल द्यायला जो नायट्रस ऑक्साइड वापरतात, तो कुठून तरी खोलीत पसरतोय अशी त्यांना शंका होती. त्याचा वास जवळजवळ नसतोच, त्यामुळे नाकाला पत्ता लागत नाही.

मी परवानगी मागितली. ऑपरेशन चालू असताना बाहेरचं माणूस आत नको, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. मी नवी होते, नोकरी कायम व्हायची होती... मी हुज्जत घातली नाही. दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात दाराशी उभं राहून दहा मिनिटं नळी धरली, काटा जेमतेम हलला. 'प्रमाण मर्यादेत आहे' असं लिहून खाली सही केली. नलूताईंनी तो कागद दोनदा वाचला. "मी दारापाशी उभी राहून काम नाही करत, नीता," त्या म्हणाल्या. आणि मी, सव्वीस वर्षांची, त्यांना म्हणाले, "ताई, यंत्र खोटं बोलत नाही."

हेच ते वाक्य.

त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. माझ्या बाळंतपणात चाळीस दिवस डबा त्यांच्याच घरून आला. तीन वर्षं अशीच गेली. मग एक नवे भूलतज्ज्ञ आले. तेही डोकेदुखीनं हैराण झाले आणि त्यांनी स्वतःच मला आत बोलावलं. हिरवा गाऊन चढवून मी टेबलापाशी गेले. नलूताईंनी नळीचं टोक माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या गळ्यापाशी चिमट्यानं अडकवलं. "इथं. माझ्या नाकापाशी." एका लहान मुलीचं ऑपरेशन होतं. तिच्या तोंडावर मास्क धरला आणि काटा चढू लागला. मला वाटलं, आता थांबेल. पण तो चढतच गेला आणि पुढचा अर्धा तास खाली आलाच नाही. मागाहून शोध घेतला तेव्हा कळलं की उरलेला वायू बाहेर नेणारा पाइप कपाटामागे सुटून पडला होता. त्याचं तोंड खोलीतच उघडं. कधीतरी रंगकाम करताना कपाट सरकवलं असणार. तो सगळा वायू इतकी वर्षं तिथं उभ्या असलेल्या बायकांच्या श्वासात जात होता.

आठवड्याभरात पाइप बसला. त्या काळात सरिता नावाची एक ज्युनिअर सिस्टर मला भेटली. ती म्हणाली, "मैं प्रेग्नंट थी तो दीदी ने मुझे अंदर आने ही नहीं दिया. मेरी ड्यूटी भी खुद करती थीं." हे ऐकलं आणि मग मला आठवलं की नलूताईंचे स्वतःचे दोन गर्भ गेले होते, त्यातला दुसरा माझ्या त्या कागदानंतर. मी त्यांच्या घरी गेले. कसंबसं विचारलं. त्या कणीक मळत होत्या. "थे ह्याच्यानंच झालं, असं तुझी पेटी सांगते का?" मी मान हलवली, नाही. "डॉक्टर सांगत नाही, तू सांगत नाही. मग मी कोणावर रागावू?" एवढं बोलून त्यांनी माझ्यापुढं चहा ठेवला. माफी मागायची होती ती राहून गेली. आज समजतं की त्यांनी मला अवघडू दिलं नाही आणि त्या सोयीचा मी आयुष्यभर फायदा घेतला.

निवृत्तीनंतर, यजमान गेल्यावर, त्या भोपाळमध्येच शिवाजी नगरला पल्लवीकडे राहायला गेल्या. मी पुण्याला परतले. दिवाळीला फोन व्हायचा. दोन वर्षांपूर्वी मी दिल्लीहून येत होते, तर भोपाळच्या हबीबगंज स्टेशनवर गाडी थांबते तेवढ्यासाठी त्या काठी टेकत प्लॅटफॉर्मवर आल्या. या खेपेला बोलायचंच असं मी ठरवलं होतं. पण त्या माझ्या गुडघ्यांची चौकशी करत राहिल्या, मी त्यांच्या बीपीची... गाडी सुटली.

परवा भोपाळला जाऊन आले. पल्लवीनं त्यांची खोली दाखवली. कॉट, औषधांची पेटी, भिंतीवर यजमानांचा फोटो. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि दोन्ही खिडक्या सताड उघड्या. "मावशी उठली की आधी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायची," पल्लवी म्हणाली. "ठंड में भी. आम्ही ओरडायचो. ती म्हणायची, हवा बदलू द्या. आता मीच उघडते रोज." मला कापरं भरलेलं पाहून ती खिडक्या लावून घ्यायला उठली. मी तिचा हात धरला, तिला शेजारी बसवलं आणि जे नलूताईंना सांगायचं होतं, ते सगळं तिला सांगितलं.