बंड्याचं जेवण आणि हॉलमधलं घड्याळ

मंडळी, भूतबित मी मानत नाही. रबाळ्याच्या एका कंपनीत मीटर तपासायचं माझं काम, त्यामुळे हे लिहिताना खरं तर लाजच वाटतेय...

आम्ही घणसोलीत, तळवलीच्या बाजूला राहतो — मी, आई आणि बंड्या नावाचा लठ्ठ बोका. बंड्या बाबांचा भारी लाडका. मागच्या वर्षी बाबा गेले, तेव्हापासून त्याला खायला घालायचं काम आईनं घेतलं आणि घर सोडणंच बंद केलं. साताऱ्याला मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ती रोज फोन करून बोलावतेय. आईचं एकच, "त्याला येळेवर कोण घालणार? तू?" माझी शिफ्ट ड्युटी, त्यामुळे बोलायची सोयच नव्हती.

म्हणून मी ठरल्या वेळी आपोआप खाणं टाकणारं मशीन बनवलं. प्लॅस्टिकची बरणी, छोटी मोटर, मायक्रोकंट्रोलर आणि वेळेसाठी वेगळं मॉड्यूल. टायमिंग सकाळी आठचं. पहिल्याच दिवशी दाणे पडले दहा मिनिटं आधी! मॉड्यूल बदललं, कोड नव्यानं लिहिला. स्क्रीनवरची वेळ मोबाइलशी तंतोतंत जुळायची, तरी झाकण आपलं दहा मिनिटं आधीच उघडायचं. माझं डोकं फिरलं.

"येळेवर तर चाललंय की," आई म्हणाली आणि तिनं भिंतीकडे बोट दाखवलं.

कामावर उशीर नको म्हणून बाबा हॉलमधलं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे ठेवायचे. त्यात बरोबर आठ वाजले होते.

हसू नका. मी ते घड्याळ नीट लावलं — दुसऱ्या दिवशी झाकण ठीक आठला. वीस मिनिटं पुढे केलं — झाकण वीस मिनिटं आधी! मधे ना वायर, ना वायफाय. घड्याळ साधं, सेलवरचं. माझ्या अंगावर काटा आला, बंड्या मात्र मजेत खात होता.

आईनं मला स्टुलावर चढवून काटे पुन्हा दहा मिनिटं पुढे करून घेतले. मग कपाटावरची बॅग काढायला लावली.

"कुठे निघालीस?"

"साताऱ्याला."

"अगं, पण मशीन चुकतंय!"

"तुझ्या मशीनच्या भरवशावर कोण चाललंय? ह्यांचं ध्यान हाय म्हटल्यावर मला कसली काळजी?"

आई महिनाभर राहून आली. ती तिकडे असताना फोनवर मावशीबरोबर तिला खळखळून हसताना ऐकलं आणि माझेच डोळे भरून आले.

हे कशामुळे होतं, मला आजही माहीत नाही. शोधायला मशीन खोलावं लागेल, आणि मी ते खोलणार नाही. चुकून दुरुस्त झालं, तर आई पुन्हा कुठे जायची नाही.