घासाचं गाऱ्हाणं

विनीत शिवलकर बोटीवर कुक आहे. बोट मालवाहू, आणि तिच्यावरची माणसं दहा मुलखांतली. एकाला डुक्कर चालत नाही, दुसऱ्याला गाय चालत नाही, तिसऱ्याला सगळं चालतं पण मिरची दाखवली तरी घाम फुटतो. या सगळ्यांची पोटं एकाच भटारखान्यातून शांत करायची, आणि ती विनीत करतो. तुफानात बोट आडवी झाली तरी आपल्या डाळीचा थेंब सांडत नाही, असं तो स्वतः सांगतो. समुद्रात बघायला कोण गेलंय, म्हणून परटवण्याच्या आमच्या आळीने ते मान्य करून टाकलेलं आहे.

यंदा तो घरी यायच्या आधी त्याच्या घरात एक पेच पडला. त्याची आई पनवेलला लेकीच्या बाळंतपणाला गेली. बायको सानिका एका हॉस्पिटलात नर्स. दोन वर्षांच्या चिमाला सांभाळणार कोण? सानिका नोकरी सोडायला निघाली. तेव्हा विनीत फोनवरून म्हणाला की नोकरी अजिबात सोडायची नाही, मी येतोच आहे. अख्खी बोट जेवू घालतो, एक एवढीशी बाय नाही का जेवू घालणार? फोन स्पीकरवर होता. शेजारच्या यमुनाबाई तेव्हा विरजण मागायला आल्या होत्या. त्यांनी विरजण नेलं आणि सोबत हे वाक्यही नेलं. संध्याकाळपर्यंत ते आळीभर पोचलं.

चिमाचं कागदावरचं नाव मोठं आणि नव्या फॅशनचं आहे, पण अंगाने एवढीशी म्हणून सगळे चिमा म्हणतात. विनीत आला तेव्हा तिच्याकडे शब्द बरेच होते, पण वापरात एकच होता.

"पेज खायची?"

"नाय."

"मग भात?"

"नाय."

"बरं, म्हणजे काहीच नको?"

"नाय."

या तिसऱ्या नकाराचा अर्थ काहीतरी हवं आहे असा होतो, असं वाटून विनीत मोठ्या आशेने चमचा घेऊन पुढे झाला. चिमाने चमचा असा काही उडवला की पेज कॅलेंडरवर गेली.

पण गडी हार मानणारा नव्हता. कप्तानाच्या वाढदिवसाला करतात तशी त्याने भाताची बोट केली, तिला काकडीचं शीड लावलं, गाजराचे मासे कोरले. चिमाने गाजराचे मासे मांजराला दिले. मांजराने ते हुंगून सोडले आणि बोटीवरचं तूप चाटून घेतलं. हे मांजर शेजारच्या आप्पांचं. आप्पा म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे पडवीत आरामखुर्ची टाकून दुपारभर पडलेले असतात. त्यांची वेगळीच तक्रार सुरू झाली, की मांजर आता घरचं दूध तोंडात घेत नाही, त्याला बोटीवरचं लागतं.

सानिका ड्युटीवरून आली की पहिला प्रश्न एकच, किती खाल्लं? विनीत म्हणायचा, खाल्लं की. मग सानिका चिमाला मांडीवर घ्यायची, काऊचा घास, चिऊचा घास करत भरवायची, आणि पोरगी दुष्काळातून आल्यासारखी जेवायची. पोरीचं पोटच बापाला खोटं पाडायचं. शेवटी सानिका शांतपणे म्हणाली, "रविवारी वजन करू. कमी भरलं तर सोमवारी मी राजीनामा देते." नर्सबाई इंजेक्शन देताना बोलतात तशाच सुरात म्हणाली, म्हणून विनीत जास्त घाबरला.

तो सल्ले गोळा करायला लागला. सल्ल्याला आमच्या आळीत कधी तुटवडा नसतो. यमुनाबाईंनी मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन चिमाची दृष्ट काढली. मिरच्या चुलीत टाकल्या तर ठसका लागला नाही. याचा अर्थ दृष्ट फार जबरी होती, असा निर्वाळा त्यांनी दिला आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट मिरच्या टाकल्या. त्या दिवशी ठसका असा उठला की आप्पा रुमाल नाकाला लावून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. चिमा खोकत खोकतसुद्धा "नाय"च म्हणत होती.

मासळीवाली हौसा म्हणाली, मुडदुशी ने, आजाऱ्याला आणि पोरांना हाच मासा लागतो. विनीतने मुडदुशांचं पातळ कालवण केलं, काटे काढले, मऊ भातात कालवलं. मांजर आता सहकुटुंब येऊ लागलं. दुसऱ्या दिवशी हौसाने पाटी उतरवता उतरवता विचारलं, खाल्लं काय पोरीने? विनीतने नकारार्थी मान हलवली.

"बोटीवरची माणसं तुझ्या हातचं खातात ना," हौसा म्हणाली, "कारण त्यांना पळायला जागा नाय, मेल्या."

हे मात्र विनीतला लागलं. दर्यावर त्याच्या जेवणाला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती, आणि इथे हातभर उंचीची पोरगी त्याला रोज नापास करत होती. शनिवारी दुपारी पडवीत गुरगुट्या भाताची वाटी घेऊन तो चिमासमोर बसला, तेव्हा त्याच्याकडे एकही युक्ती शिल्लक नव्हती. शिमगा जवळ आलेला, पलीकडच्या वाडीत पोरं ढोल बडवून बघत होती. ते ऐकून असेल, नाहीतर माणूस बुडायला लागला की जे हाताला येतं ते धरतो म्हणून असेल, त्याने वाटी खाली ठेवली, हात जोडले आणि देवळात पालखीपुढे घालतात तसं थेट गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज हा तुझा लेकरू विनीत, दर्यावरनं तुझ्या कृपेने सुखरूप घरी आलेला, तुझ्या पायाशी गाऱ्हाणं घालतोय. त्याच्या चिमाच्या पोटात चार घास जाऊ देत, आणि आळीत बापाची जी शोभा झालीय, ती आता पुरे कर रे म्हाराजाऽऽ!"

गडग्यापलीकडे आप्पांचा डोळा लागला होता. पण गाऱ्हाण्याला उभं राहून प्रत्येक मागण्याला होकार देण्यात जन्म गेलेला माणूस. तो 'रे म्हाराजा'चा हेल कानावर पडल्यावर झोपेतसुद्धा गप्प कसा बसणार? आप्पा डोळे न उघडता गरजले, "व्हय म्हाराजा!"

चिमा दचकली. मग खुदकन हसली. मग दोन्ही हात वर करून म्हणाली, "हय माजा!" आणि तोंड उघडंच ठेवलं.

विनीतने घास आत सारला. पोरीने गिळला. बापाने श्वास रोखला.

"अदून," चिमा म्हणाली.

अजून म्हणजे भात नव्हे, गाऱ्हाणं, हे विनीतला पुढच्या घासाला कळलं. नुसता घास नेला तर ओठ घट्ट. गाऱ्हाणं घातलं पण आप्पा परत घोरायला लागले होते, तरी ओठ घट्ट.

"आप्पा, व्हय म्हणा!"

"कशाला रे?"

"विचारू नका, म्हणा!"

असा कायदा ठरला. एक मागणं, सगळ्यांचं व्हय, एक घास. रविवारी वजन केलं तर पोरगी घटली नव्हती. सोमवार आला, सानिका कामावर गेली, राजीनाम्याचा विषय मागे पडला आणि आळीत रोज दुपारी देवस्थान भरायला लागलं.

आता एका वाटीला मागणी किती लागतात, याचा हिशेब देवानेही कधी केला नसेल. आरोग्य, धनधान्य, पाऊसपाणी इथवर पहिल्या चार घासांत यायचं. मग विनीत आळीत शिरायचा. आप्पांची स्कूटर पहिल्या किकला सुरू होऊ दे. आप्पांचं मांजर आप्पांकडे परत जाऊ दे. यमुनाबाईंचा पुतण्या गौरव, त्याला मुलगी पसंत पडू दे. आणि मुलीलाही तो पसंत पडू दे, कारण अडलंय ते तिथंच रे म्हाराजा. यमुनाबाई यावर व्हय म्हणाल्या, पण विनीतला ही आतली गोष्ट कळली कशी, याचा तपास त्यांनी त्याच दिवशी सुरू केला. हौसा एकदा ऐन घासाला दारात आली. विनीत म्हणत होता, हौसाच्या पाटीत आजची मासळी येऊ दे, परवाची बर्फातली नको. हौसाने आधी सवयीने व्हय म्हटलं, मग काय म्हटलं ते तिच्या ध्यानात आलं, आणि पुढचा तासभर आळीला दुसरी करमणूक लागली नाही.

सानिकाला दुपारच्या या कार्यक्रमाची कल्पना होती, पण गंमत म्हणून. ती मूळची कऱ्हाडची. गाऱ्हाणं तिने लग्नानंतर ऐकलं, तेही मागे बायकांत उभं राहून. संध्याकाळी दमून यायची, विनीतने पोरीला भरवून ठेवलेलं असायचं, तिला बरंच वाटायचं. मग तिची सुट्टी आली. तिने चिमाला मांडीवर घेतलं, वरणभात कालवला, म्हणाली, "हा काऊचा घास."

"नाय."

"चिऊचा?"

"नाय."

हा शब्द चिमाने आईला आजवर कधी ऐकवला नव्हता. सानिकाने विनीतकडे पाहिलं. विनीतने हसत हसत कायदा सांगितला. सानिकानेही हात जोडले आणि म्हणाली, देवा महाराज, मुलीला जेवण जाऊ दे. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध पेशंटला समजावून द्यावं, इतकं ते स्वच्छ आणि कोरडं होतं. चिमा पुढचं काही येतंय का म्हणून क्षणभर थांबली. मग मांडीवरून उतरली आणि वाटी उचलून बापाकडे गेली.

विनीतला आधी जिंकल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोला, पुरतं एक मिनिटभर वाटलं. मग आतून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला. घासलेलीच भांडी परत घासली जात होती. तो दारात जाऊन उभा राहिला.

सानिका मागे न बघता म्हणाली, "पोरगी तुमची झाली, चांगलं झालं. पण तुम्ही जाणार. मग ती कुणाच्या हातून खाणार?"

कंपनीचा फोन सकाळीच येऊन गेला होता. शिमगा झाला की निघायचं होतं. त्याची आई तोवर पनवेलहून येणार होती, पण ती गावचीच. गाऱ्हाणं तिच्या जिभेवर होतं. म्हणजे आजीचं निभावणार, दुपार भागणार. आणि दिवसभर दुसऱ्यांची दुखणी काढून आलेल्या आईपुढे पोरगी रोज रात्री ओठ घट्ट मिटून बसणार. हे चित्र विनीतला काही केल्या गिळवेना.

त्याने सानिकाची शिकवणी लावली. बा देवा वर उचलायचं, मधलं सपाट न्यायचं आणि म्हाराजा असं सोडायचं की समुद्रापर्यंत गेलं पाहिजे. आप्पा गडग्यावरून दुरुस्त्या सांगत होते. यमुनाबाईंनी आक्षेप काढला की बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नाही. आप्पा म्हणाले, ते देवळात. ही पडवी आहे, आणि पोरीच्या पोटासाठी देव कशाला रागावतोय. यमुनाबाईंना ते पटलं नाही, पण त्या घरीही गेल्या नाहीत. पायरीवर बसून ऐकत राहिल्या.

हेल सानिकाला जमला. जमलं नाही ते बाकीचं. ती सगळ्यांना सुख दे म्हणायची, आणि चिमा तोंड न उघडता तिच्याकडे बघत राहायची. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी यमुनाबाईंना राहवेना.

"अगो, तू पाहुण्यासारखी मागतेस," त्या म्हणाल्या. "गाऱ्हाणं घालायला आधी पोटात गाऱ्हाणं असावं लागतं. तुला कसलीच तक्रार नाय काय गो?"

सानिकाने वाटी हातात घेतली. विनीतकडे एकदा नीट पाहून घेतलं. आणि सुरू झाली.

"बा देवा म्हाराजा! हा तुझा लेकरू विनीत, वर्षातले दहा महिने दर्यावर असतो. पोरीला दात आले, ताप आला, तिने पहिलं पाऊल टाकलं, हे सगळं मी एकटीने बघितलं. याला फोन करून दाखवायला जावं तर म्हणतो रेंज नाय. याला रेंज दे रे म्हाराजाऽऽ!"

देवापुढे अहोजाहो नसतं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. आप्पा, यमुनाबाई आणि खुद्द विनीत एका दमात म्हणाले, व्हय म्हाराजा. "हय माजा!" म्हणून चिमाने तोंड उघडलं आणि घास आत गेला. आईच्या हातचा.

विनीतचा चेहरा फुलला. पण तो फार वेळ फुललेला राहिला नाही, कारण सानिकाला आता वाट सापडली होती.

"बोटीवर हा परक्यांच्या वाढदिवसाला केक करतो. बायकोचा वाढदिवस याला फेसबुक सांगतं. याच्या डोक्यात जरा उजेड पाड रे म्हाराजाऽऽ!"

आप्पा व्हय म्हणाले. यमुनाबाई जरा जास्तच जोरात म्हणाल्या. चिमाने तोंड उघडलं, पण घास घेतला नाही. ती बापाकडे बघत होती. कायदा कायदा होता. सगळ्यांनी म्हणायचं म्हणजे सगळ्यांनी. वाटी वाट बघत होती. विनीतने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि खालच्या आवाजात कबूल केलं, "व्हय म्हाराजा."

घास गेला.

"घरी आला की एका भाजीला सगळी पातेली काढतो, आणि एक विसळत नाही. याच्या हाताला घासणी लागू दे रे म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा," विनीत म्हणाला. या वेळी न सांगता म्हणाला. पोरगी मटामटा जेवत होती, आणि सानिका बोलता बोलता हसायला लागली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते हसण्याचं होतं की दहा महिन्यांचं होतं, हे विचारायची जागा ती नव्हती. तिचा म्हाराजा मात्र आता थेट मांडवीच्या बंदरापर्यंत जात होता. हौसा पाटी घेऊन परत चालली होती, ती गडग्याशी थांबली आणि कुणाचं काय चाललंय ते न विचारताच व्हय म्हणू लागली.

वाटी रिकामी झाली. चिमाने ढेकर दिला आणि मांजराच्या मागे निघून गेली. विनीतने सुटकेचा श्वास टाकला.

"झालं," तो म्हणाला. "वाटी संपली."

"पोरीचं झालं," सानिका पदर खोचत म्हणाली. "माझं अजून आहे."

आप्पांनी खुर्ची गडग्याला आणखी जवळ ओढली.