चंद्राबाईची ओळ

भाटघर धरणाच्या भागात आवाजाच्या बाबतीत गेनबाच्या कानापुढे कुणाचं काही चालायचं नाही, असं गेनबा स्वतःच सांगायचा. भोरपासून पार वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांपर्यंत, लग्न असो की जत्रा, त्याची रेकॉर्ड वाजवायची पेटी, बॅटरी आणि रेकॉर्डींची ट्रंक टेम्पोतून उतरली की लोकांना कार्य सुरू झाल्यासारखं वाटायचं. भोंगा झाडाच्या शेंड्याला बांधायचा, त्याचं तोंड समोरच्या डोंगराकडे करायचं आणि तिकडच्या वाडीतून कुणी हात हलवला की आवाज बरोबर लागला. चांगला आवाज म्हणजे लांब जाणारा आवाज, एवढं साधं शास्त्र त्याचं.

पुढे डीजे आले, पेटी माळ्यावर गेली आणि गेनबा मुकाट्यानं भातशेतीला लागला. त्याचं त्याला फार वाईट वाटलं नाही, निदान तसं त्यानं दाखवलं नाही. तो खचला तो बायको, चंद्राबाई, गेल्यावर. वर्षश्राद्धाला उत्रोलीहून लेक आली, सुलक्षणा. तिच्या मोबाईलमध्ये आईचे फोटो पुष्कळ होते, आवाज मात्र एकाही व्हिडिओत नव्हता. कुणी फोन समोर धरला की चंद्राबाई पदर तोंडाला लावून गप्प उभी राहायची.

"आई बोलायची कशी, ते मला आता नीट आठवना झालंय," सुलक्षणा म्हणाली. बायकोचा आवाज घरात कुठं आहे ते गेनबाला ठाऊक होतं. ट्रंकेच्या अगदी तळाला होता, आणि तिथं त्यानंच तो ठेवला होता.

सुलक्षणा पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट. गावातल्या पाच बायकांची फेराची गाणी शहरातल्या कुणा हौशी माणसांनी ऐकली आणि मुंबईला नेऊन त्यांची रेकॉर्ड काढली. पुढे ठकुबाई, तिचा गळा तारेसारखा. सगळ्यात मागे चंद्राबाई, तिचा आवाज खालचा, जाड. शेवटच्या गाण्यात रिवाजाप्रमाणे प्रत्येकीनं एकेक ओवी म्हणून आपापल्या मालकाचं नाव घ्यायचं होतं.

ती रेकॉर्ड गावात आली ती जत्रेच्या दिवशी. गेनबानं भोंगा पिंपळावर चढवला आणि मिशीला पीळ देऊन सुई ठेवली. ठकुबाईनं चिमाजीचं नाव घेतलं ते पाण्यापलीकडे गेलं. चौघींचे चारही नवरे गावभर दुमदुमले. पाचव्या ओवीला भोंग्यातून नुसती गुणगुण आली, खरखर आली आणि गाणं संपलं.

"गेनबा, तुजं नाव गिळलं की रं बायकोनं," कुणीतरी म्हणालं, आणि सगळा पार हसला.

घरी आल्यावर त्यानं विचारलं. चंद्राबाई भाकरी थापत होती. "घेतलंय की. नीट ऐका."

"माज्या भोंग्यातनं सुई पडल्याली ऐकू येती. तू घेतलंच न्हाईस."

तिनं भाकरी उलटली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. गेनबानं ती रेकॉर्ड ट्रंकेच्या तळाला टाकली, परत लावली नाही. भांडण झालं नाही, संसार चांगला झाला, दोघांत माया होती. पण हळदीकुंकवाला, बारशाला बायका उखाण्याचा आग्रह करायला लागल्या की चंद्राबाई म्हणायची, "माजं घेऊन झालंय." ते ऐकलं की गेनबाला पारावरचं हसू आठवायचं. आधी राग असायचा. ती गेल्यावर त्यात राग राहिला नव्हता. एकदा तिनं आपलं नाव घेतलेलं ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि तिनं घेतलंच नसेल याची तेवढीच भीती वाटत होती.

जुन्या रेकॉर्डी ऐकायच्यात, एवढंच त्यानं लेकीला सांगितलं, पण माळ्यावरच्या जुन्या पेटीची मोटर गंजली होती. जावई गोरख यानं कुणाकडून तरी रेकॉर्ड वाजवायचा नव्या धर्तीचा, वापरलेला टर्नटेबल आणला आणि दोन स्पीकरला जोडला. आवाज आला तो मुंगीएवढा, वर पत्र्यासारखा. गोरखनं चौकशी केली तेव्हा कळलं, मध्ये आणखी एक डबा लागतो, फोनो प्रीअँप म्हणतात त्याला. म्हणून गेनबा आणि सुलक्षणा एसटीनं पुण्याला निघाले. गेनबानं पिशवीत वरातीच्या चार रेकॉर्डी घेतल्या. तळाची घेतली नाही. ती परक्या दुकानात ऐकायची त्याची छाती नव्हती.

दुकानदारानं दोन डबे मांडले. पहिल्यातून सनई अशी सणसणीत निघाली की गेनबा ताठ बसला. तोच शेंडा, तोच डोंगर, तीच वयाची रग. "ह्योच द्या. लांबवर जाईल."

"आबा, आता कुठं लांब न्यायचंय?" सुलक्षणानं विचारलं.

दुसऱ्या डब्याला गेनबानं आधी नाक मुरडलं. आवाज मऊ, बसका. मग सनईच्या खाली काहीतरी घुमायला लागलं. दुसरी एक सनई होती ती, एकच सूर धरून बसलेली. हीच रेकॉर्ड त्यानं शेकडो वराती चालवून झिजवली होती, आणि हा सूर धरणारा माणूस त्याला आज पहिल्यांदा भेटत होता.

"ह्यो कुठनं आला?"

"तो होताच," दुकानदार म्हणाला. "रेकॉर्ड कोरताना खालचे आवाज दाबून ठेवतात, नाहीतर सुई उडते. हा डबा दाबलेलं वर काढतो. पहिल्या डब्यात ते काम अर्धवट आहे. तुम्ही आधी कशावर ऐकायचात?"

"भोंग्यावर."

"मग कसं ऐकू येणार? भोंगा खालचा आवाज बाहेरच सोडत नाही."

गेनबाला तळाची रेकॉर्ड आठवली. "ह्यो दुसरा बांधा," तो म्हणाला. परतीच्या एसटीत डबा त्यानं मांडीवर धरला होता.

घरी आल्यावर त्यानं ट्रंक रिकामी केली. तळाची रेकॉर्ड धोतराच्या सोग्यानं पुसली. कोणतं गाणं ते त्यानं सुलक्षणाला सांगितलं नाही, सुई मात्र स्वतः ठेवली, शेवटच्या गाण्याच्या जरा आधी.

गाणं सुरू झालं आणि पहिल्याच ओळीला सुलक्षणानं तोंडावर हात ठेवला. ठकुबाईच्या तारेखाली तिची आई गात होती. बाकीच्या श्वासाला थांबत होत्या तेव्हाही तो जाड आवाज चालूच होता, सगळ्यांना खालून धरून. मग नावं आली. चिमाजी आला, कोंडिबा आला, चौघे आले. गेनबानं डोळे मिटले. थोडी खरखर झाली, आणि अगदी जवळून, चुलीपाशी बसून बोलावी तशी चंद्राबाई म्हणाली,

"धरनाच्या पान्यावरी, कुनाचा गं सूर येतो,
गेनबा माजा धनी, झाडाला भोंगा बांधितो."

गाणं संपलं आणि रेकॉर्ड नुसती फिरत राहिली. ज्या भोंग्याचं तिनं कौतुक केलं होतं, त्यानंच तिला अडवलं होतं, आणि त्याच्या भरवशावर गेनबानं तिला खोटं पाडलं होतं. जन्मभरात तिनं ते पुन्हा एकदा सांगितलं असतं तर. पण 'माजं घेऊन झालंय' असं तिनं दर वेळी सांगितलं होतंच. त्याला हुंदका आवरेना.

"आबा, परत लावू?" सुलक्षणानं डोळे पुसत विचारलं.

गेनबानं होकाराची मान हलवली. सुलक्षणा सुई उचलायला वाकली तेव्हा तो भिंतीवरच्या चंद्राबाईच्या फोटोकडे बघत होता.

"ऐकलं गं," तो म्हणाला. "नीट ऐकलं."