पाठमोऱ्या बाई

शाळेत नव्याने लागलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच एक दृश्य दिसायचं. दुसऱ्या मजल्यावरचा लांबलचक व्हरांडा, मेण घासून चकचकीत केलेल्या रंगीत फरशा, भिंतीवर ओळीने आजवरच्या मुख्याध्यापिका सिस्टरांचे फोटो, आणि नववीच्या बंद दाराकडे पाठ करून लाकडी खुर्चीत बसलेल्या एक बाई. मांडीवर शब्दकोडं. आत गणिताची परीक्षा चालू, आणि वर्गात मोठं माणूस एकही नाही.

"बाई, आत कोणी...?" नवखा शिक्षक चाचरत विचारायचा.

"आहे की. अख्खा वर्ग आहे."

"तसं नाही, लक्ष ठेवायला?"

"त्यांचं त्यांच्यावर आहे. तुम्ही मला नदीला तीन अक्षरी शब्द सांगा बघू. मधलं अक्षर 'रि'."

गणितात बाई वाघ, पण शब्दकोड्यात पार शेळी. 'सरिता' हा शब्द त्यांना निदान वीस वेळा तरी कुणी ना कुणी सांगितला असेल.

मुली त्यांना पाठमोऱ्या बाई म्हणत. तोंडावर अर्थातच नाही. पण बाईंना ते ठाऊक होतं, आणि आतून आवडतही होतं. दोन महिन्यांच्या बदलीवर म्हणून त्या या शाळेत आल्या होत्या. शाळा तेव्हाच शंभरी गाठायला आलेली. दगडी जिना मधोमध झिजून बशीसारखा झालेला, चॅपलच्या रंगीत काचांतून सकाळी लाल-निळं ऊन थेट प्रार्थनेच्या रांगांवर पडायचं, आणि प्रवेशासाठी पालक देवापेक्षा सिस्टरांना जास्त नवस बोलायचे. पहिल्याच परीक्षेत बाईंना पहाऱ्याला बसवलं. दोन तास त्यांनी वर्गाकडे टक लावून बघितलं, आणि वर्गाने त्यांच्याकडे. बाहेर आल्या त्या तडक तेव्हाच्या म्हाताऱ्या मोठ्या सिस्टरांसमोर उभ्या राहिल्या.

"सिस्टर, पोरी मला भितात."

"छान आहे की!"

"छान कसलं? सगळी भीती माझ्यावरच खर्च झाली, गणिताच्या वाट्याला काही उरलंच नाही. पुढच्या वेळी मी बाहेर बसू?"

म्हाताऱ्या सिस्टर खूप वेळ हसल्या, आणि हसता हसता हो म्हणाल्या. त्या गेल्या, पुढे आणखी तीन सिस्टर आल्या नि गेल्या, भिंतीवर फोटो वाढत गेले. खुर्ची मात्र बाहेरच राहिली. बाईंची परीक्षा म्हणजे पाठ फिरवलेली परीक्षा, हे शाळेच्या अंगवळणी पडून गेलं. ज्यांना जमायचं नाही त्या मुली सरळ कोरा पेपर द्यायच्या. बाई त्यावर लाल शाईने लिहायच्या, 'या, बसू.' मग शाळा सुटल्यावर खरंच बसायच्या, पोरीच्या डोक्यात उजेड पडेपर्यंत.

आणि मग त्या वर्षी टाकीचं प्रकरण झालं.

झालं असं की बाईंनी फळ्यावर नळांचं गणित लिहिलं. एक नळ रिकामी टाकी चार तासांत भरतो, दुसरा भरलेली टाकी सहा तासांत रिकामी करतो. दोन्ही एकदम सोडले तर टाकी कधी भरेल? गणित जुनंच, दर काही वर्षांनी फिरून येणारं. पण चष्मा घरी विसरलेला, आणि हात सवयीने पुढे पळालेला. बाईंनी चार आणि सहाची अदलाबदल केली. हात झटकले, बाहेर जाऊन खुर्चीत बसल्या.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पेपर तपासताना पहिल्याच पेपरात उत्तर होतं, 'बाई, ही टाकी भरणार नाही.' बाई म्हणाल्या, आगाऊ दिसतेय. दुसऱ्या पेपरात, 'भरायच्या आधीच रिकामी होते आहे.' तिसरीने तर लिहिलं होतं, 'या जन्मात नाही. प्लंबर बोलवा.' तेव्हा कुठे बाईंनी प्रश्न परत वाचला आणि कपाळावर हात मारला. "अगंबाई! मीच गळकी टाकी दिली की पोरींना!"

शेजारी बसलेले विज्ञानाचे सर हसायला लागले. बाईही हसल्या. हसत हसत पुढचा पेपर उचलला, आणि हसू जागीच थांबलं.

'टाकी बारा तासांत भरेल.' खाली दोन रेघा.

फळ्यावर नसलेल्या गणिताचं अगदी बिनचूक उत्तर. पायऱ्यांसकट. सरांनी मान लांब करून बघितलं. "अरे वा! ही कुठली टाकी भरत होती?"

पेपर बटणचा होता. त्या मुलीला सगळी शाळा बटण म्हणायची, कारण काही सुचेनासं झालं की ती गणवेशाचं वरचं बटण पिरगाळत बसायची, ते तुटेपर्यंत. तिची थोरली बहीण याच शाळेतून, याच बाईंच्या हाताखालून, पहिली येऊन बाहेर पडलेली. म्हणजे उत्तर आलं कुठून हे सांगायला ज्योतिषी नको होता.

सरांच्या पोटात काही टिकत नसे. डबे उघडेपर्यंत गोष्ट मोठ्या सिस्टरांच्या टेबलावर पोचली.

आताच्या मोठ्या सिस्टर याच शाळेच्या विद्यार्थिनी. पाठमोऱ्या बाईंच्या पाठीमागे बसून त्यांनी स्वतः परीक्षा दिलेल्या. म्हणूनच त्यांना बोलणं जड जात होतं.

"बाई, बसा."

"उभी बरी आहे. बोला."

"पालकांना कळलं तर मी काय सांगू? एवढी नावाजलेली शाळा, आणि परीक्षेला पहारा नाही?"

"तो तर तुमच्या वेळीही नव्हता."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळं होतं? तुम्ही काय देवदूत होतात? पेन्सिलीचे तुकडे एकमेकींच्या वेणीत कोण खोचायचं?"

सिस्टरांनी मुद्दा सोडला नाही. "मुलीला मी काढत नाही. पेपर रद्द, ताकीद, संपलं. पण पुढच्या परीक्षेपासून तुमची खुर्ची आत. वर्गाकडे तोंड करून."

बाई आता बसल्या. कुणी ढकलल्यासारख्या.

"सिस्टर, एकीने चिठ्ठी आणली. बाकीच्या सगळ्यांनी आपापल्या अकलेने टाकी गळकी ठरवली. अगं, त्या बटणने शेजारणीच्या पेपरात नुसतं डोकावलं असतं तरी वाचली असती! तेवढंही तिने केलं नाही." रागाच्या भरात 'अगं' निघून गेलं, ते दोघींच्याही लक्षात आलं. "एक परीक्षा द्या मला. याच मुली, याच पद्धतीने. परत काही निघालं तर खुर्ची मीच उचलून आत नेईन. आणि त्या खुर्चीसाठी तुम्ही दुसऱ्या बाई शोधा."

"बाई, असं काय बोलता?"

"वर्गावर डोळे वटारून बसायला मला येत नाही. या वयात आता काय शिकू?"

सिस्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "एकच."

शाळा सुटल्यावर बाईंनी बटणला रिकाम्या वर्गात बोलावलं. पोरगी रडून रडून आधीच सुजली होती.

"बस. टाकी कशी भरली गं?"

"ताईच्या जुन्या पेपरातून चिठ्ठी केली होती."

"ते कळलं. पण फळ्यावरचं गणित वाचायचं तरी! चोरी करायची तर नीट डोळे उघडून करावी. आता चोरी गेली ती गेली, वर अक्कलही निघाली."

बटणला रडता रडता हसू फुटलं. नाकातून विचित्र आवाज आला.

"का केलंस?"

"घरी ताईचा फोटो शोकेसमध्ये आहे. मेडल घातलेला. माझा फ्रिजवर आहे, गॅसवाल्याच्या नंबराखाली. अर्धाच दिसतो."

तिच्या गळ्याशी लोंबणारं बटण बाईंनी पर्समधल्या सुईदोऱ्याने तिथल्या तिथे शिवून दिलं, आणि दोरा दातांनी तोडत म्हणाल्या, "परवा परत परीक्षा आहे. मी बाहेर बसणार."

"मी असले तरी?"

"तू आहेस म्हणून तर."

घरी वन्सं वाटच बघत होत्या. बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून नणंद-भावजया दोन खोल्यांत एकत्र राहत होत्या, आणि भांडायला दोघींना तिसऱ्याची गरज पडत नव्हती. सगळं ऐकून वन्संनी पालेभाजी निवडता निवडता निकाल दिला.

"सोपं आहे, वहिनी. नवी कोरी गणितं घाला. चिठ्ठ्या आपोआप निकामी."

"मग तो पहाराच झाला की, वन्सं. फक्त लांबून केलेला."

"मग काय, जुनीच घालणार?"

"तिच्या ताईच्या वर्षाची. सगळीच्या सगळी."

वन्संच्या हातातली जुडी तशीच राहिली. "तुम्हाला वेड लागलंय! साप बाहेर काढायचा सोडून त्याला दूध पाजताय. आणि पोरीने परत केलं तर? नोकरी जाईल, मग दिवसभर घरात बसाल माझ्या डोक्याशी!"

"ती भीती मलाही आहे," बाई म्हणाल्या.

परीक्षेच्या दिवशी बाईंनी फळ्यावर प्रश्न लिहिले, चष्मा लावून दोनदा ताडून बघितले. दप्तरं पुढे आणून ठेवा, असं त्या कधी सांगत नसत. आजही सांगितलं नाही. बाहेर येऊन दार ओढलं आणि खुर्चीत बसल्या. शब्दकोडं उघडलं, पण एक अक्षर डोळ्यांत शिरेना.

थोड्याच वेळात फरशीवर बुटांचा आवाज आला. मोठ्या सिस्टर. दाराला वरच्या बाजूला काचेची तावदानं होती, आणि सिस्टर चांगल्या उंच होत्या.

"नुसतं बघते, बाई."

"मग परीक्षा झालीच कुठे? बघायचंच असेल तर आत खुर्ची टाकून बसा, मी घरी जाते."

सिस्टर घुटमळल्या. मग शेजारच्या वर्गातून दुसरी खुर्ची ओढून आणली आणि बाईंच्या बाजूला, दाराकडे पाठ करून बसल्या. दोघी समोरच्या भिंतीवरच्या फोटोंकडे बघत राहिल्या. सगळ्या जुन्या सिस्टरही त्यांच्याकडे बघत होत्या.

आतून बाक सरकल्याचा आवाज आला. मग दप्तराची चेन ओढल्यासारखं काहीतरी. सिस्टरांनी बाईंचा हात घट्ट धरला. "ऐकलंत?"

"ऐकलं."

"अहो, मग बघा ना!"

"नाही." बाईंच्या कपाळावर घाम आला होता. मान अशी ताठ, की जणू कुणी ती पकडून ठेवली आहे. मान वळवायला किती वेळ लागतो? वळवली की संपलं, एवढं त्यांना कळत होतं.

मग आत कुणीतरी बोललं. स्पष्ट. एकच शब्द. सिस्टर अर्ध्या उठल्या. बाईंनी त्यांना पदर ओढावा तसं बाहीला धरून खाली बसवलं.

घंटा झाली. दार उघडून दोघी आत गेल्या. पेपर गोळा झाल्यावर सिस्टरांनी वर्गाला विचारलं, "मघाशी कोण बोललं?"

मागच्या बाकावरून बटण उभी राहिली. "मी, सिस्टर."

"कुणाशी?"

"देवाशी."

"काय?"

"'देवा' असं म्हणाले. जरा मोठ्याने निघालं." तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "गणितं ताईच्याच वर्षाची आहेत, सिस्टर. घरी तिचे पेपर नुसते चाळले होते, म्हणून ओळखली. एकही पाठ नाही. आणि ती जुनी चिठ्ठी अजून दप्तरातच होती, टाकायची राहिली होती. ती उघडायला मी चेन ओढली. मग परत लावली. तेव्हा म्हणाले." ती थबकली. "परीक्षेत देवाशी बोललं तर चालतं ना?"

सगळा वर्ग सिस्टरांकडे बघू लागला. सिस्टरांनी गळ्यातला क्रूस नीट केला. नाही म्हणायची सोय नव्हती. "चालतं," त्या म्हणाल्या. "पण जरा हळू."

बटणचा पेपर बाईंनी सिस्टरांच्या खोलीत बसूनच तपासला. शंभरात अकरा. पहिल्या प्रश्नाच्या दोन पायऱ्या, शेवटच्या प्रश्नाची आकृती, आणि मध्ये ठिकठिकाणी खोडलेली, परत लिहिलेली, परत खोडलेली गणितं. एकाही ओळीला ताईचा वास नव्हता.

"अकरा?" सिस्टर हळहळल्या. "बाई, ही तर नापास झाली."

"दणकून." बाईंचा चेहरा असा फुलला होता, की पोरगी जणू जिल्ह्यात पहिली आली. "उत्तरं दप्तरात, दप्तर पायाशी, वर्गात कुणी नाही, आणि तिने अकरा मिळवले! सिस्टर, एवढ्या वर्षांत इतका चांगला पेपर माझ्या हातात आला नाही."

दारात शिपाई येऊन उभा राहिला. "सिस्टर, ती वरची खुर्ची आत लावायची म्हणाला होतात ना? आज लावू?"

सिस्टरांनी बाईंच्या हातातल्या पेपराकडे बघितलं.

"नको," त्या म्हणाल्या. "आणि मी नेलेली दुसरी आहे ना, तीही राहू दे तिथेच."

बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि अकराच्या खाली लिहिलं, 'या, बसू.'