शिळं पाणी

लग्नानंतर अठराव्या दिवशी मी माझ्या घरातलं सगळंच्या सगळं पाणी ओतून दिलं. दोनशे लिटरचा नवा निळा ड्रम, तांब्याचा हंडा, कळशी, दोन बादल्या आणि नवऱ्याने हौसेने काठोकाठ भरून ठेवलेली पातेलीसुद्धा. हे मी वेंधळेपणाने केलं नाही, चांगलं मन लावून केलं. आधीच सांगून ठेवते, कारण माहेरचे लोक अजून त्यावरून हसतात.

नवरा सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगचं काम बघायचा. त्याचं गाव अक्कलकोटच्या पुढे, घरात सगळे कन्नड बोलणारे. लग्नाआधी तो इथे मित्रांबरोबर एका खोलीत राहायचा, मेसमध्ये जेवायचा आणि शनिवारी गावी जायचा. सासूबाईंना वाटत होतं, हे असंच चालू राहावं. तो मेसला, मी गावी त्यांच्याजवळ, निदान वर्षभर तरी. पोरीला शहरात घर चालवायची काय माहिती, असं त्यांचं म्हणणं. नवरा पहिल्यांदाच आईपुढे बोलला आणि त्याने दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मग त्या म्हणाल्या, ठीक आहे, मी येते, चार दिवस राहून बघते. घर नीट चाललेलं दिसलं तर राहा, नाहीतर सुनेला मी परत घेऊन येते. हे त्या रागावून बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. उद्या भाजी कुठली करायची ते ठरवावं, इतक्या शांतपणे बोलल्या.

आम्ही रविवारी राहायला आलो. संध्याकाळी नळाला पाणी आलं आणि नवरा पिसाळल्यासारखा भरत सुटला. मला वाटलं, नव्या घराची हौस असेल. मी आपली खोकी सोडत, डबे लावत बसले. पाणी रोज येत नाही हे त्याने मला सांगितलं नाही, कारण सोलापुरात हे कुणी कुणाला सांगत नाही. आणि मी विचारलं नाही, कारण मी उजनीच्या काठची. आमच्या घरामागे केळी आणि केळीमागे धरणाचं पाणी. मोटार लावली की हौद भरतो. पाणी संपतं ही गोष्टच मी पाहिलेली नव्हती.

आणि आमच्याकडे शिळं पाणी कुणी पीत नाही. सकाळी उठलं की कालचं ओतायचं, हंडा चिंचेने लख्ख घासायचा आणि ताजं भरायचं. आई रोज करायची, तिची आईही करायची. त्यात मंगळवारी सकाळच्या पहिल्या एसटीने सासूबाई येणार. अंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय त्या पाण्याचा घोटही घेत नाहीत. त्यांच्या पूजेला शिळं पाणी, तेही नव्या प्लास्टिकचा वास लागलेलं? सोमवारी नवरा आठला कामावर गेला तशी मी पदर खोचला. हंडा, कळशी, बादल्या रिकाम्या केल्या. ड्रमच्या पाण्याने दोन्ही खोल्या धुतल्या, उंबरा धुतला, बाहेरची फरशीसुद्धा धुतली. ड्रम आतून घासून उन्हात पालथा घातला. इतकं चकाचक घर बघून मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मग नळ सोडला.

नळाने फुस्स केलं आणि गप्प झाला.

थोडा वेळ थांबले. मग शेजारच्या दारात गेले. शेजारीण तेलुगू बोलणारी, सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. पाणी किती वाजता येतं, असं मी विचारलं. तिने मान वर न करता सांगितलं, आता गुरुवारी. मी म्हटलं, आज सोमवार आहे. तिने मान वर केली, माझ्या ओल्या फरशीकडे पाहिलं आणि तिचा हात थांबला. बिचारी सूप बाजूला ठेवून उठली. आत गेली आणि स्वतःच्या पिंपातून एक कळशी भरून आणून माझ्या दारात ठेवली. तेवढ्यानेच मला रडायला आलं.

एक कळशी, आणि गुरुवारपर्यंत तीन माणसं. दुपारी मी जेवलेच नाही. सासूबाई दारात उभ्या आहेत आणि मी रिकामा हंडा दाखवते आहे, हे मी त्या दुपारी शंभर वेळा पाहिलं. प्रत्येक वेळी त्या माझी बॅग भरायला सांगत. आईला फोन लावला, तर ती म्हणाली, अगं, तुमच्या नळाला तरी आमचंच पाणी येतं की. ते खरंच होतं, सोलापूरला पाणी उजनीचंच. पण त्या वेळी त्याचा मला काही उपयोग नव्हता.

सगळ्यात मोठी भीती नवऱ्याची होती. तो रागावेल म्हणून नाही. तो आईपुढे माझ्यासाठी उभा राहिला होता, आणि आता त्याला मनातल्या मनात वाटेल की आई म्हणत होती तेच बरोबर होतं. ते त्याच्या चेहऱ्यावर मला बघायचं नव्हतं. संध्याकाळी तो आला आणि म्हणाला, ड्रम पालथा का घातलाय. मी काही ठरवलं नव्हतं, तरी तोंडातून निघून गेलं.

"गळका हाय तो. समदं पानी गेलं बुडातून."

हंडा आणि बादल्यांचं काय, हे त्याने विचारलं नाही. सकाळपासून अंघोळ, धुणं, स्वयंपाक यात ते संपलं असं समजला असणार. त्याने ड्रमच्या बुडावरून हात फिरवला. तिथे साच्याची एक बारीक रेघ होती, तीच त्याला चीर वाटली. भरून बघायला घरात पाणी नव्हतं. त्याने चहाही घेतला नाही, ड्रम मोटरसायकलला दोरीने आवळला आणि दुकानाकडे निघाला. मी अडवायला हवं होतं. मी दोरीची गाठ नीट बसली का तेवढं बघितलं.

तो तासाभराने परत आला. ड्रम होताच. त्याने तो शांतपणे सोडला, कोपऱ्यात ठेवला आणि मोरीत हात धुवायला गेला. तिथे पाणी नाही हे लक्षात आल्यावर तसाच परत आला.

"लई भांडलो मी," तो म्हणाला. "दहा मानसं गोळा झाली. मग त्यानं ड्रम बोअरला लावला आन काठोकाठ भरून दाखवला. थेंब गळला न्हाय."

मी सगळं सांगितलं. हंडा, बादल्या, शिळं पाणी, पूजा, सगळं. सांगताना मी रडले, आणि मला वाटलं होतं तसा तो रागावला नाही. तो फक्त म्हणाला, "मी तुझ्या शब्दावर भांडून आलो की."

याच्यापेक्षा त्याने दोन शब्द सुनावले असते तर चाललं असतं. मग त्याने आईला फोन लावला. दारात उभा राहून कन्नडमध्ये बराच वेळ बोलला. मला त्यातला फक्त 'ड्रम' कळला. तेवढ्यावरून मी बाकीचं सगळं स्वतःच्या मनाने भरून काढलं, आणि त्यात माझ्यासाठी चांगलं असं काहीच नव्हतं. फोन ठेवल्यावर विचारायचं धाडस झालं नाही. माझी कपड्यांची बॅग अजून अर्धी सोडायची होती. ती मी तशीच राहू दिली.

सकाळी तो स्टँडवरून त्यांना घेऊन आला. त्यांच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात पाच लिटरचा पांढरा कॅन. तो त्यांनी एसटीत मांडीवर धरून आणला होता. आत आल्या, खाली टेकल्या आणि मलाच समजावल्यासारखं बोलल्या.

"ड्रम गळका निगाला म्हने. पूजेपुरतं आपल्या हिरीचं घिऊन आले."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाठ करून मोटरसायकल पुसत होता, जिला पुसायची काही गरज नव्हती. ज्या खोट्यापायी काल त्याची बाजारात शोभा झाली, तेच त्याने आईला सांगितलं होतं. मी गप्प राहिले असते तर सगळं निभावून गेलं असतं. घर राहिलं असतं, बॅग सुटली असती. पण ती पाठ मला बघवेना.

"आत्या, ड्रम चांगला हाय," मी सासूबाईंना म्हणाले. "पानी मीच ओतलं. शिळं म्हणून. ह्यांना मीच खोटं सांगितलं."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या ड्रमकडे, लख्ख घासलेल्या रिकाम्या हंड्याकडे, फरशीकडे. त्यांनी मुलाला कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, अगदी थोडक्यात. तो वळला आणि म्हणाला, "हौदु." म्हणजे हो. कन्नडमधला तेवढा एकच शब्द मला तेव्हा येत होता.

त्यांनी कॅन उचलून माझ्या हातात दिला.

"घे. कालचं हाय ह्ये," त्या म्हणाल्या. "ओतू नगं."

त्यातल्या दोन तांब्यांत त्यांची अंघोळ झाली, एका वाटीत पूजा झाली. मग शेजारणीच्या कळशीतलं पाणी त्यांनी मागून घेतलं आणि घटाघटा प्यायल्या. तोवर शेजारणीच्या कळश्यांवर भागवलं, आणि गुरुवारी पाणी आलं तेव्हा आम्ही दोघींनी मिळून सगळं भरलं, वाट्यासुद्धा. शुक्रवारी त्या एकट्याच गावी गेल्या. मला न्यायचं की नाही याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, फक्त कॅन ठेवून गेल्या.

त्या गेल्यावर मी नवऱ्याला विचारलं, त्या दिवशी आत्यांनी काय विचारलं होतं. तो म्हणाला, तिनं विचारलं, खोटं उघडं पडायच्या आधीच हिनं तुला स्वतःहून खरं सांगितलं होतं का.

आता मला कन्नड चांगलं येतं. आत्यांशी मी तासन्‌तास बोलते, त्यांच्यापासून काही लपवत नाही. त्याच्या त्या खोट्या 'हौदु'ची एवढी एक गोष्ट सोडून.