लॅपटॉपची अढी

एप्रिलचा शेवटचा मंगळवार, दुपारचे अडीच. नव्या कंट्रोल पॅनेलचं कोटेशन एक लाख चाळीस हजार रुपये. हजर तिघं: आंब्याचं पॅकहाऊस चालवणाऱ्या नलिनीताई, त्यांचे दीर बाळाभाऊ आणि मी.

मी कोल्ड रूमच्या दुरुस्तीची कामं करतो. पावस गावाच्या रस्त्यावर ताईंचं रायपनिंग चेंबर आहे, म्हणजे आंबा सारखा पिकावा म्हणून ठराविक तापमानात ठेवलेली बंद खोली. तिचा कॉम्प्रेसर एक नऊ वर्षांचा लॅपटॉप चालू-बंद करायचा आणि दर दहा मिनिटांनी खोलीचं तापमान नोंदवायचा. त्याचं सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर चालत नव्हतं.

आत सहाशे पेट्या होत्या. पुण्याच्या व्यापाऱ्याची ही पहिलीच ऑर्डर. शुक्रवारी त्याचा माणूस येणार, आधी तापमानाची नोंद बघणार, मग माल उचलणार. नोंद नसेल तर माल परत. बारा घरांच्या बागांचे आंबे ताईंनी स्वतःच्या शब्दावर आणले होते. लॅपटॉपचं काम करणारं नवं पॅनेल यायला आठ दिवस लागणार होते. आणि सकाळपासून लॅपटॉप तापून तीनदा बंद पडला होता; दर वेळी ताईंनी लगेच पुन्हा सुरू केला होता.

"आता नाही पडायचा," बाळाभाऊ म्हणाले. "मी इलाज केलाय."

त्यांनी चेंबरचं दार उघडलं. लॅपटॉप आत, पेट्यांवर. खोली अठरा अंशांवर, त्यामुळे दीड तास उत्तम चालला होता. मला दाखवायला त्यांनी तो उचलून बाहेर आणला. बाहेर चौतीस अंश आणि आपली दमट हवा. फ्रिजमधल्या बाटलीला सुटतं तसं पाणी त्याला मिनिटभरात सुटलं. बाहेरून सुटलं तर आतूनही सुटणार.

मी तो बंद केला आणि बॅटरी काढली. तेव्हा दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"मेला काय?" ताईंनी विचारलं.

मी म्हटलं, वाळल्याशिवाय सांगता येणार नाही. तोवर खोली हाताने चालवू. कॉम्प्रेसर मॅन्युअलवर घेतला, माझा थर्मामीटर आत सोडला आणि ताईंना खुर्ची दिली. एकोणीस झालं की चालू, अठरा झालं की बंद, आणि दर दहा मिनिटांनी आकडा वहीत.

बाळाभाऊंचं म्हणणं, एवढी यातायात कशाला, मधले आकडे नंतर लॅपटॉपमध्ये भरून टाकू. ताईंनी वहीतून मान वर केली नाही. "भाऊजी, जे दिसेल तेच लिहिणार."

दोन तास लॅपटॉप टेबलफॅनपुढे उघडा ठेवला. मग सुरू केला. झाला. खोलीला न जोडता बारा मिनिटं चालवून त्याच्या आतलं तापमान पाहिलं: सत्त्याण्णव. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ राहत नाही, म्हणून हा खटाटोप. पुन्हा बंद करून मागचं झाकण काढलं.

लॅपटॉपमध्ये एक पंखा असतो. तो धातूच्या बारीक पात्यांमधून गरम हवा बाहेर ढकलतो. इथे पंखा आणि पाती यांच्यामध्ये नमद्यासारखा दाबून घट्ट झालेला पिवळसर थर बसला होता. चिमटीने ओढला तर अखंड पट्टीच निघाली. पेंढ्याची धूळ. पेट्या जिथे भरतात त्याच टेबलावर लॅपटॉप असायचा, आणि पेटी भरताना खाली-वर पेंढा घालतात.

"आंबा पिकायला पेंढ्यात घालता ना," मी बाळाभाऊंना म्हटलं, "तशी तुम्ही ह्याची अढी घातलीत."

ताई हसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच.

पंखा बोटाने धरून पाती बाळाभाऊंच्या रंगाच्या ब्रशने साफ केली. प्रोसेसर आणि त्यावरची तांब्याची पट्टी यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा लेप असतो, त्याचा खडू झाला होता. तोच लेप आम्ही सेन्सर बसवताना वापरतो, त्यामुळे ट्यूब माझ्या पिशवीत होती. सेटिंगमध्ये प्रोसेसरचा कमाल वेग सत्तर टक्क्यांवर आणला. नोंदी करायला याहून जास्त लागत नाही. मग लॅपटॉप ऑफिसच्या खोलीत नेला, खाली पेटीच्या दोन फळ्या घातल्या आणि वायर लांबवली.

पाच पन्नासला सुरू केला. अर्ध्या तासाने सदुसष्ट अंश. तासाने सदुसष्टच. मी ताईंना आकडा दाखवला. त्यांनी वही मिटली.

शुक्रवारी व्यापाऱ्याचा माणूस आला तेव्हा मीही गेलो. त्याने लॅपटॉपमधून काढलेल्या नोंदीच्या कागदावर बोट ठेवलं: मंगळवारी तीन तास दहा मिनिटं कोरी का? ताईंनी वही पुढे केली. त्या वेळेच्या वीस नोंदी, एका जागी खोली वीस अंशांवर गेलेलीसुद्धा लिहिलेली. त्याने वही दोनदा वाचली.

"हे वीस अंश तुम्ही लिहिलेत?"

"झालं होतं, म्हणून लिहिलं."

त्याने पाच पेट्या उघडायला लावल्या, फळं कापली, आणि सहाशेच्या सहाशे उचलल्या. जाताना पुढच्या आठवड्यासाठी आणखी चारशे सांगून गेला.

लॅपटॉप जूनच्या पहिल्या आठवड्यात, शेवटचा माल निघून खोली रिकामी होईपर्यंत चालला. एकदाही बंद पडला नाही. मशीन तापलं तर थंडावा शोधण्याआधी वारा कुठे अडलाय ते बघावं, एवढंच.

नवं पॅनेल ताईंनी पावसाळ्यात घेतलं. घाई नव्हती, त्यामुळे कंपनीला एक लाख अठरा हजार गेले. माझं बिल व्हिजिटचे आठशे आणि लेपाचे साठ. ताईंनी आठशे साठ जागेवर दिले. ब्रश कामातून गेला होता, त्याचे तीस रुपये मी त्यातूनच बाळाभाऊंना दिले.