आबांची करंटची किटली

"किटली बंद पडलीय. दादाला सांगू नको," एवढंच बोलून आबांनी फोन ठेवला. माझे वडील फोनवर कायम असंच बोलतात. पलीकडच्या माणसालाही काही विचारायचं असेल, हे त्यांच्या गावीही नसतं. मी इंदापूरला घरीच शिवणकाम करते. हातातलं ब्लाऊज बाजूला ठेवलं आणि मनात म्हटलं, झालं, आता डाळजला जाणं आलं.

आई गेल्यापासून आबा डाळजच्या शेतातल्या घरी एकटे राहतात. एकटे म्हणजे ते आणि एक गाय. दोन वेळचं जेवण शेजारची चुलती पाठवते. चहा मात्र त्यांचा त्यांनाच करायचा असतो, आणि दिवसातून कितीदा ते विचारू नये. गेल्या थंडीत त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि मोटार बघायला विहिरीवर गेले. तिथं बांधावर कोणीतरी भेटलं, ऊसतोडीचा विषय निघाला. तो विषय निघाल्यावर आमच्याकडे दूधच काय, घर पेटलं तरी माणूस हलत नाही. चुलतीला खिडकीतून धूर दिसला म्हणून निभावलं.

माझा थोरला भाऊ बारामतीला एमआयडीसीत कामाला आहे. त्याच संध्याकाळी दादा आला, शेगडी आणि टाकी गाडीत घातली आणि स्वतःच्या घरातली जुनी करंटची किटली ओट्यावर ठेवली. "पाणी उकळलं की ही आपोआप बंद होती. चहाच्या पिशव्या आणल्यात, कपात बुडवायच्या. ह्यात दूध घालायचं न्हाय. आन् ही पण जाळली, तर गपचूप बारामतीला यायचं. मग माझ्याशी वाद घालायचा न्हाय," असं बजावून तो गेला.

आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी दादाच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहून आले होते. वहिनीनं काही कमी केलं नाही. तरी हे दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या गाड्या बघत बसायचे आणि कोणती गाडी सकाळपासून जागची हलली नाही, ते मला फोन करून सांगायचे. ते ऐकून मला हसू यायचं आणि फोन ठेवल्यावर रडू यायचं. बारामतीला कायमचं जायचं म्हणजे गाय विकायची, घराला कुलूप लावायचं. आबांचं सगळं त्या किटलीवर येऊन ठेपलं होतं.

मी उलटा फोन करून म्हटलं, "इंदापुरातून नवीच घेऊन येते."

"नवी आणली तर त्याला कळंल. त्याच्याच घरातली हाय ती. तिचा पोचा त्याला पाठ हाय," आबा म्हणाले. "हीच चालू व्हायला पायजे. उद्या गुरुवार हाय."

गुरुवारी दादाची सुट्टी असते आणि सुट्टीच्या दिवशी तो सकाळीच डाळजला येतो. मी शिलाई मशीनच्या खणातले पेचकस, पक्कड आणि सुयांची डबी पिशवीत टाकली आणि एसटी पकडली. मशीनची मोटार मी स्वतःच खोलते, त्यामुळे स्क्रू बघून मला घाम फुटत नाही.

घरात पाऊल टाकलं आणि करपलेल्या दुधाचा वास आला. मी अजून चप्पलही काढली नव्हती, तेवढ्यात आबा म्हणाले, "दूध न्हाय हां उकळलं त्यात."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. मी किटलीचं झाकण उघडलं. तळाला काळाकुट्ट थर. "आबा, मग हे काय हाय?"

"दूध न्हाय उकळलं. चहा उकळला."

म्हणजे पाणी, दूध, साखर, पावडर, वर ठेचलेलं आलं, सगळं एकदमच. थंडीपासून रोज. "पिशवी बुडवून काय चहा व्हतो का? त्ये आजारी माणसाचं पाणी. आलेल्या माणसाच्या हातात तसला कप दिऊ? उद्या दारात कुत्रं तरी यील का?" असं वर मलाच ऐकवलं. मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर ह्या एका मुद्द्यावर त्यांचं मला पटत होतं. आमच्या घरी आईनं कधी कुणाला कोरा चहा दिला नाही.

किटली आणि तिची बैठक मी अंगणात नेली. पिन काढलेलीच होती, तरी दोनदा बघून घेतली. बैठक पालथी करून स्क्रू सोडले आणि आतून लाल मुंग्यांची फौज बाहेर पडली. चहा उतू जाऊन गोड दूध खाली झिरपलं होतं, वाळून त्याची खपली धरली होती आणि मुंग्यांनी तिथं संसार थाटला होता. खपलीखाली एका वायरीचं टोक जळून तुटलं होतं. बंद पडायचं कारण एवढंच.

मी मुंग्या झटकल्या, खपली खरवडली, पितळी पट्ट्या पॉलिश पेपरनं घासल्या. वायरीचं जळकं टोक कापून नवं सोललं. त्याला लावायला क्लिप पाहिजे होती, ती आबांच्या मोटारीच्या सामानाच्या डब्यात निघाली. तो डबा म्हणजे आमच्या घरचं हार्डवेअरचं दुकान. नव्या किटलीचे पैसे वाचले आणि दुरुस्तीला खर्च आला तो आतला थर काढायला लागलेल्या चिंचेचा. तीही बांधावरच्याच झाडाची.

चिंचेचं पाणी घालून किटली लावली. दिवा लागला, पाणी खदखदलं. पण बंद काही होईना. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो, किटली आपली उकळतेच आहे. शेवटी मीच बटण बंद केलं.

आबांचा चेहरा मात्र खुलला होता. "झाली की चालू! त्यो आपोआपचा खटका काढून टाक. डायरेक्ट कर. मोटारीचा स्टार्टर बिघडल्यावर आपुन डायरेक्टच करतो की. मी हाय बंद करायला."

"तुमी होता बंद करायला, म्हणून तर गॅस गेला," मी फटकन बोलले.

आबा उठून गाईपाशी गेले आणि उगाच तिचं दावं सोडून परत बांधलं. मला फार वाईट वाटलं. बोललेलं खरं होतं, म्हणून जास्तच वाईट वाटलं. पण किटली डायरेक्ट करायची नाही म्हणजे नाही. ती आपोआप बंद होत होती, तेवढ्यासाठीच तर आबा अजून डाळजला होते.

मग मी शांतपणे बघत बसले. झाकणाखाली, मुठीच्या बाजूला एक छोटं भोक दिसलं. वाफ तिथून मुठीच्या आत जाते आणि खटका पाडते. ते भोक वाळलेल्या सायीनं बुजलं होतं. पिशवीतून गोधडीची जाड सुई काढली, भोक कोरून काढलं, स्वच्छ पाणी भरून परत लावलं. पाणी उकळलं आणि टक्कन खटका पडला. गोठ्यातून आबांचा आवाज आला, "पडला का?"

"पडला!" मी ओरडले. दहावी पास झाल्यावरसुद्धा एवढ्या मोठ्यानं ओरडले नव्हते.

मी मुक्कामाला राहिले. सकाळी दादा आला. चप्पल काढून सरळ ओट्यापाशी गेला. किटली उचलून आत बघितलं, वास घेतला, पोच्यावरून अंगठा फिरवला, पाणी घालून बटण दाबलं. टक्. "चांगली ठेवलीय की," तो म्हणाला. मी कोपऱ्यात भाजी निवडत होते, मान वर केली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आबांची छाती फुगली. "बस. चहा टाकतो," म्हणाले.

दादा बाहेर खाटेवर टेकला. मीही बाहेर जाऊन कारखान्याच्या ऊसदराचं काहीतरी बोलत बसले. आबा कप घेऊन आले, आम्हा दोघांच्या हातात दिले. दादानं कपात बघितलं. मीही माझ्या कपात बघितलं.

दाट, तांबूस, आल्याचा वास येणारा चहा. वर सायीचा पापुद्रा. आणि घरात गॅस नाही.

आम्ही मुंग्या काढल्या, वायर जोडली, भोक कोरलं आणि मग स्वतःच्या हातानं पुरावा कपात घालून दिला. पण आलेल्या माणसाला दुधाचा चहा द्यायचा नाही, हे आबांच्या काय, माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

दादानं उघड्या दारातून शेगडी नसलेल्या ओट्याकडे बघितलं, मग आबांकडे. आबा म्हणाले, "दूध चुलतीकडनं तापवून आणलंय."

"कवा? मी हितंच बसलोय की."

दादानं बोटानं साय बाजूला केली, चहा पिऊन कप खाली ठेवला आणि पाण्याच्या पाळीचं, उसाच्या बेण्याचं बोलत राहिला. तो गाडीला किल्ली लावेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी मागोमाग गेले.

"त्यांना सांग," दादा हळू आवाजात म्हणाला, "किटली अर्ध्याच्या वर भरायची न्हाय, उतू जातं. साखर आत घालायची न्हाय, तिनंच करपतं, कपात घालायची. आन् झाल्या झाल्या पाणी वतून ठेवायचं."

"तुला काय माहीत?"

"मग होस्टेलला मी काय कोरा चहा प्यालो?" तो म्हणाला. "मी सांगितलं म्हणून सांगू नको." आणि गाडी सुरू करून गेला.

मी मागे वळले. आबा गोठ्याच्या दारात गाईच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

"कवा न्यायला येतो म्हणला?" त्यांनी विचारलं.

असली गुपितं माझ्याच्यानं राखवत नाहीत. "न्यायला न्हाय येत तो. किटली अर्ध्याच्या वर भरू नका म्हणला. साखर कपात घाला म्हणला."

आबांनी टॉवेलनं तोंड पुसलं, डोळेही पुसले. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "अर्ध्यात कसं भागंल? चार माणसं आली तर चहा पुरायचा न्हाय."

"दोनदा करा," मी म्हटलं.